अमानत कोणाची?

आपल्या समाजात अनेक घरांतली पहिलीच पिढी आता विद्यापीठाच्या पायऱ्या चढते आहे. त्यातली एखादी मुलगी संशोधनासाठी विषय घेते : मुसलमानांचे राजकीय विचार आणि सरकारी धोरणे. आम्हा शिक्षकांना तिचे कौतुक वाटते. पण सोबत एक प्रश्नही उभा राहतो. तिने इमान कोणाशी राखायचे, समाजाशी की सत्याशी?

मोजणीने आपले भलेही झाले आहे. मुसलमानांची मुले मदरशातच जातात, असे सर्रास बोलले जाई. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की, शाळेच्या वयाच्या मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम ३-४ टक्के आहेत. तो आकडा आपण आजही अभिमानाने सांगतो.

पण आकडा आपल्याच अडचणीचा निघाला तर?

१९६६ साली हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला. सातच जणी, म्हणून त्यांचे म्हणणे समाजाचे मानले गेले नाही. पुढे १९८५ मध्ये शाहबानो खटल्याचा निकाल लागला, त्याविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले आणि १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा केला. रस्त्यावरचा मोठा आवाज तोच समाजाचा आवाज ठरला. घरात बसलेल्या बाईला काय वाटते, हे तिच्या दारात जाऊन किती जणांनी विचारले?

आज ही मुलगी विचारू शकते. ती आपली म्हणून दार उघडते, परक्याला न सांगितलेले तिला सांगितले जाते. मग वडीलधारे म्हणतात, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? ही भीती अगदीच खोटी नाही. अशा आकड्यांनी आपल्याला झोडपायला टपलेले लोक आहेतच.

तरी आम्हाला वाटते, तिच्याकडे अमानती दोन आहेत. सांगणारीचे नाव ही एक. ते जिवापाड जपावे. सांगणारीचे म्हणणे ही दुसरी. ते पुढे पोहोचावे म्हणूनच तिने सांगितले. नाव उघड करणे ही जेवढी खयानत, तेवढीच म्हणणे दडपणे हीसुद्धा. समाज म्हणजे केवळ व्यासपीठावरचे चार पुढारी नव्हेत. गप्प बसलेली ती बाईही समाजच आहे. तिचे खरे म्हणणे लिहिणे म्हणजे समाजाशीच इमान राखणे.

आपले कर्तव्य एवढेच की, असा अहवाल आपल्या मोहल्ल्यातही वाचला जावा. पटला नाही तर जरूर वाद घालू. पण 'लिहू नकोस' असे तिला म्हणू नये.