एकविसावा अंक

खेळणी खपवण्यासाठी काढलेलं कॉमिक म्हटलं की जाणकार वाचक सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. 'जी. आय. जो : अ रिअल अमेरिकन हीरो' ही मार्व्हलची मालिका तर उघडउघड त्यासाठीच जन्मली. १९८२ साली हॅस्ब्रोने पावणेचार इंची सैनिक बाजारात आणले. अमेरिकेत तेव्हा खेळण्यांच्या टीव्ही जाहिरातीत ॲनिमेशन किती दाखवायचं याला बंधन होतं, कॉमिकच्या जाहिरातीला ते नव्हतं. म्हणून जाहिरात करायची कॉमिकची आणि विकायचे सैनिक, असा सगळा हिशेब. तरीही या मालिकेचा मार्च १९८४ चा एकविसावा अंक नुकताच पुन्हा हातात घेतला, तेव्हा वाटलं की युद्ध आणि शत्रू यांबद्दल तो जे सांगून जातो, ते त्या काळातल्या कितीतरी 'गंभीर' युद्धकथांनाही जमलेलं नाही.

'सायलेंट इंटरल्यूड' हे त्या कथेचं नाव. संपूर्ण कथेत संवादाचा एकही फुगा नाही, निवेदनाची पट्टी नाही. 'धडाम', 'खाडकन' असले आवाजही नाहीत. लेखक लॅरी हामा. या अंकाची मांडणीही त्याचीच, त्यावर स्टीव्ह लेआलोहाने चित्रं पूर्ण केली. सुरुवात, संघर्ष, व्यक्तिरेखा आणि शेवट असलेली सगळी गोष्ट एका शब्दाशिवाय सांगता येते का, हे हामाला पाहायचं होतं.

कथा दोन ओळींत सांगता येईल. स्कार्लेट ही जो पथकातली सैनिक शत्रूच्या, म्हणजे कोब्राच्या, किल्ल्यात कैद आहे. पथकातलाच स्नेक आइज तिला सोडवायला एकटा निघतो. इथे पहिली गंमत अशी की स्कार्लेट त्याची वाट बघत बसत नाही. ती स्वतःच स्वतःची सुटका करून घेते. दोघांच्या हालचाली वेगवेगळ्या चौकटींतून शेजारी शेजारी चालत राहतात आणि किल्ल्यातच त्यांची गाठ पडते. तिचं धाडस कुणी बोलून दाखवत नाही, तिच्या पराक्रमावर कुणी शेरा मारत नाही. ती काय करते एवढंच दिसतं, आणि तेवढं पुरतं. मुलांसाठी लिहिताना आपण प्रत्येक गुणाला नाव देऊन मोकळे होतो, म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं.

स्नेक आइज मुका आहे. अपघातात त्याचा चेहरा आणि आवाज दोन्ही गेले. तो असा का झाला याची मुळं मात्र कारखान्यात आहेत. पहिल्या खेपेला खर्च वाचवायला एक सैनिक बिनरंगाचा, नुसत्या काळ्या प्लॅस्टिकचा ओतायचं ठरलं, आणि तो स्नेक आइज. हामाने त्या काळ्या, चेहरा झाकलेल्या आकृतीला भूतकाळ दिला, दुःख दिलं. पुढे फनस्कूलने हेच सैनिक भारतात काढले. त्यांचा कारखाना गोव्यात होता आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या अनेक मुलांनी हा काळा सैनिक दप्तरातून शाळेत नेला. पण ती मुलं जे खेळत होती, त्याच्या मागची गोष्ट फार थोड्यांच्या हाती आली. इथे खेळणं आलं, कॉमिक क्वचितच.

आता त्या अंकातल्या शत्रूकडे या. स्टॉर्म शॅडो याच अंकात पहिल्यांदा अवतरतो. नायक नखशिखांत काळा आणि हा पांढराशुभ्र! वाचणाऱ्याला रंगावरून बरावाईट ठरवायची सवय असते, ती इथे पहिल्याच पानांत अडखळते. त्याच्या बाजूने लाल पोशाखातले निंजा आहेत, झटापटी आहेत, सुटका आहे. आणि शेवटी दोघांच्याही हातावर एकच गोंदण दिसतं. तेच आकार, त्याच रेघा.

ज्याच्याशी लढलास तो तुझ्याच घराण्यातला आहे, हे सांगायला एक चित्र पुरलं. मला वाटतं, शब्द असते तर हे इतक्या जोराने उमटलंच नसतं. या मालिकेच्या नावातच देश आहे आणि एरवीच्या अंकांत घोषणाही भरपूर आहेत. कोब्राचा सेनापती गरजतो, जो पथक त्याला उत्तर देतं, कोण कुठल्या बाजूचा हे सतत बोललं जातं. एकविसाव्या अंकात ती सगळी भाषा बंद पडते. शत्रू का शत्रू आहे हे पटवून देणारं कुणी उरत नाही. उरतात घाम गाळणारी, धडपडणारी, जखमी होणारी माणसं. शत्रुत्व बरंचसं भाषेवर जगतं. भाषण, बातमी, घोषणा यांचा आधार काढून घेतला की ते किती पातळ होतं, हे इतक्या थेटपणे मी दुसऱ्या कुठल्या कॉमिकमध्ये पाहिलेलं नाही.

हामा स्वतः व्हिएतनामला लष्कराच्या इंजिनिअर दलात होता. जपानी-अमेरिकन घरातला, क्वीन्समध्ये वाढलेला माणूस. हे गोंदण त्याने नुसतं धक्का द्यायला काढलं नव्हतं. त्याच वर्षी सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या अंकांत त्याने उलगडा केला. स्नेक आइज आणि स्टॉर्म शॅडो व्हिएतनामच्या जंगलात एकाच टेहळणी तुकडीत होते. युद्धावरून परतलेल्या स्नेक आइजला घ्यायला विमानतळाकडे निघालेलं त्याचं कुटुंब अपघातात संपलं, आणि मग मित्रानेच त्याला आपल्या घराण्यात आसरा दिला. म्हणजे शत्रू हा ज्याने सांभाळलं तो माणूस आहे.

या अंकावर एक आक्षेप घेता येतो आणि तो खरा आहे. पहारेकरी पडतात, त्यांच्यासाठी कुणी रडत नाही. चित्रातल्या मारामारीत लय इतकी सुंदर आहे की मरणाचं वजन हलकं होतं. शब्दांबरोबर किंकाळ्याही गेल्या. बाहुल्या विकणाऱ्या कंपनीला हे सोयीचंच होतं. मात्र हामालाही ही उणीव जाणवत असावी, असं मला वाटतं. १९८६ साली मार्व्हलने व्हिएतनाम युद्धावरचं 'द नाम' हे कॉमिक सुरू केलं. लिहिणारा डग मरे, तोही व्हिएतनाममध्ये राहून आलेला, आणि संपादक हामा. त्यात कथेतला काळ वाचकाच्या काळाबरोबर चाले. एक अंक म्हणजे एक महिना, आणि नोकरीची मुदत संपली की सैनिक घरी परत. तिथे गोंदण नव्हतं, निंजा नव्हते, पाऊस आणि कंटाळा होता. दोन्हींमागे हामाच आहे हे विसरून एकविसावा अंक वाचला, तर तो नुसती करामत वाटेल.

मार्व्हलची मालिका १९९४ मध्ये १५५ अंकांवर थांबली. २०१० पासून आयडीडब्ल्यूने ती पुढे नेली, ३०० पर्यंत. २०२३ मध्ये स्कायबाउंडने ३०१ वा अंक काढला. लिहिणारा अजूनही लॅरी हामाच आहे.