धूर कुणाच्या खात्यावर?

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. कारखान्यांतल्या रंगरसायनांनी माखलेलं ते डांबर बघायला मुख्यमंत्रीही येऊन गेले.

सरकारने आखलेलं औद्योगिक क्षेत्र म्हणजे निव्वळ घाण, असं मात्र नाही. छोट्या कारखान्याला स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र परवडत नाही. शेजारीशेजारी पन्नास-शंभर असले की सामाईक केंद्र उभं राहतं. उत्पादन तेवढंच, पण घाण कमी. पर्यावरणीय कार्यक्षमता म्हणतात ती हीच. ती मोजायची म्हणजे शेवटी उत्पादन आणि घाण यांचा एक भागाकार करायचा, आणि भागाकाराला नाक नसतं. धूर नेमका कुणाच्या खिडकीतून आत गेला, हे त्यात कुठेच येत नाही.

एकाने करायचं आणि दुसऱ्याने भोगायचं, या अडचणीला भारतीय दर्शनांत जुनं नाव आहे. स्थिर आत्मा नाही, सगळं क्षणिकच आहे असं मानलं तर दोन दोष येतात, असा आक्षेप नैयायिक आणि जैन तार्किकांनी बौद्धांवर घेतला: कृतनाश, म्हणजे केलेल्या कर्माचं फळ कर्त्याला न मिळणं, आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्याचं फळ भलत्याच्याच पदरी पडणं. बौद्धांनी त्याला उत्तरं दिली, वाद शतकानुशतकं चालला. पण असं घडणं अन्यायाचं, यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. म्हणून तर आक्षेप झोंबला! नगररचनेच्या नकाशावर मात्र हा दोष बिनबोभाट खपतो.

उदाहरणार्थ, चीनमध्ये शौगांग हा पोलाद कारखाना बीजिंगमधून हलवला गेला. २००८ च्या ऑलिंपिकच्या सुमारास तिथलं उत्पादन घटवलं आणि २०१० अखेर भट्ट्या थंड झाल्या. पोलाद आता हबेई प्रांतातल्या साओफेइदियान या विकासक्षेत्रात, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर तयार होतं. नवी यंत्रसामग्री जुनीपेक्षा स्वच्छ आहे, हे कबूल करायला हवं. तरी बीजिंगच्या आकड्यांतली सुधारणा किती यंत्राची आणि किती पत्ता बदलल्याची, हे एकट्या बीजिंगची हवा मोजून कळणार नाही.

डोंबिवलीत पाप-पुण्याची वाटणी आणखी गुंतागुंतीची आहे. कारखाने १९६० च्या दशकातले. इमारती नंतर त्यांच्या कुंपणापर्यंत येऊन भिडल्या. रहिवाशाच्या अंगावरच्या शर्टाचा रंगही अशाच कुठल्यातरी कारखान्यातला. म्हणजे तो पुरता अकर्ता नाही. पण इथल्या कारखान्यांतल्या २०१६ आणि २०२४ च्या स्फोटांत ज्यांचे जीव गेले, त्यांच्या वाट्याला आलेलं फळ कुठल्याही हिशेबात त्यांच्या कर्माएवढं बसत नाही.

२०२२ मध्ये इथले १५६ धोकादायक कारखाने रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात हलवण्याचं राज्य सरकारने जाहीर केलं. डोंबिवलीकरांची मागणी रास्तच होती. पण पाताळगंगा ही नदीही आहे. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं, आणि रसायनीच्या पट्ट्यात रासायनिक उद्योग आधीच आहेत. स्थलांतराचा फायदा मोजायचा तर ठाणे आणि रायगड हे दोन्ही जिल्हे एकाच बेरजेत धरावे लागतील, आणि ती बेरीज कारखाने हलण्याआधी नदीकाठच्या ग्रामसभांपुढे ठेवावी लागेल.