पानाने नेमके काय केले?

लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने तयार केलेले सोन्याचे द्रव अजून जपून ठेवले आहेत. सोने खरे, पण रंग माणकासारखा लाल. सोन्याच्या क्षारातून फॉस्फरसच्या मदतीने त्याने सोने मोकळे केले, द्रवातून प्रकाशाचा झोत सोडला आणि हा रंग तरंगत्या अतिसूक्ष्म सुवर्णकणांचा आहे, असे १८५७ साली मांडले. त्यात मीठ घातले की लाल द्रव निळा पडतो, हेही त्याने पाहून ठेवले. एकेक पदार्थ घालायचा आणि त्याने काय बदलले ते नोंदवायचे, ही त्याची शिस्त मला त्या लाल रंगाहून मोलाची वाटते.

फॉस्फरसचे काम पाने करू शकतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने दाखवले. २००४ साली त्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवले. कडुनिंबाच्या पानांनी सोने आणि चांदी दोन्ही दिली. इथे पानातल्या रेणूंनी धातूच्या आयनांना खरोखर इलेक्ट्रॉन दिले. म्हणजेच क्षपण झाले.

पुढे हीच कृती धातूंच्या ऑक्साइडांकडे वळली आणि सगळ्यात जास्त वळली जस्ताकडे. तुळस, अडुळसा, कोरफड, जे हाताशी असेल त्याचा अर्क काढायचा, त्यात झिंक नायट्रेट मिसळायचे, आटवायचे आणि चारपाचशे अंश सेल्सिअसला भट्टीत भाजायचे. पांढरी पूड मिळते. ‘पानाने जस्ताचे क्षपण केले’ असे मग बिनदिक्कत छापले जाते. पण जस्त नायट्रेटमध्ये अधिक दोन अवस्थेत असते आणि ऑक्साइडमध्येही अधिक दोनच. क्षपण झाले कुठे? झिंक नायट्रेट नुसते तापवले, तरी नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर सोडून ते ऑक्साइडच देते. पानातली पॉलिफेनॉल जस्ताला धरून ठेवत असतील, कणांचा आकार आवरत असतील. ते काम लहान नाही. मात्र ते सिद्ध करावे लागते, आणि भट्टीत पानाचा बहुतेक अंश जळून जातो.

भट्टीची वीज, नायट्रेटचा धूर, ऋतूगणिक बदलणारा पाला यांचा हिशेबही क्वचितच कुणी मांडतो. पाला वापरला म्हणून पूडही निरुपद्रवी, हा समज तर त्याहून घातक. झिंक ऑक्साइड पाण्यात थोडे विरघळते आणि सुटलेले जस्ताचे आयन जलचरांना मारक ठरू शकतात. याच २००४ साली रॉयल सोसायटी आणि रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग यांच्या अहवालाने बजावले होते, की प्रयोगशाळांनी कृत्रिम नॅनोकण घातक समजूनच हाताळावेत आणि टाकाऊ द्रव्यांतून ते शक्य तितके कमी करावेत किंवा काढून टाकावेत.

आपल्या महाविद्यालयांत या विषयावर प्रबंध होत राहतील, आणि व्हावेतही. महागड्या साधनांशिवाय सुरुवात करता येते, हे या कृतीचे मोठेपण आहे. फक्त प्रत्येक प्रबंधात शेजारी आणखी एक भांडे असावे: तोच क्षार, तीच भट्टी, तेवढाच वेळ, अर्काऐवजी साधे पाणी. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारावा तो त्या भांड्यातल्या पुडीबद्दल.