गुन्हा नाही, मग दोष?

ब्रेस्ट काढल्यावर माझ्या मावशीचा कॅन्सर गेला, पण हात सुजला तो कायमचा. “होतं असं,” एवढंच उत्तर मिळालं. खरंच होतं, काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजू शकतो. सर्जनचा हात चुकलाच असेल, असं नाही. तरी मुरुडमध्ये एका हातानं पाणी भरणाऱ्या मावशीचा राग मला खोटा वाटत नाही. तिला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

समीरा कोहली खटल्यात (२००८) सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं: धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी. मुंबईच्या पी. बी. देसाई खटल्यात ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या बाईंचं १९८७चं ऑपरेशन ठरलेल्या सर्जननं स्वतः केलं नाही. २०१३मध्ये कोर्टानं त्यांना फौजदारी गुन्ह्यातून सोडलं, पण कर्तव्यात कसूर झाली हेही म्हटलं. म्हणजे गुन्हा नसला तरी दोष उरतो.

फी भरली असेल तर दोन वर्षांच्या आत अलिबागच्या ग्राहक आयोगात जाता येतं. लेखी मागितल्यावर केसपेपर ७२ तासांत मिळायला हवेत. भरपाई आयोग ठरवेल. पण “आम्ही आधी सांगायला हवं होतं” हे मनापासून म्हणायला कुठलाच आयोग लावू शकत नाही. ते डॉक्टरांचं देणं आहे.