बेने इस्राएली कीर्तन : आख्यान आणि उपासना

हिब्रू धर्मग्रंथातील चरित्रे मराठी पदांतून आणि निरूपणातून सांगणारे बेने इस्राएली कीर्तन १८८० च्या सुमारास सुरू झाले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. बेने इस्राएल हा ज्यू समाज मूळचा पेण, अलिबाग, मुरुड या पट्ट्यातला, तेल गाळणारा, घरात मराठी बोलणारा. हिब्रू प्रार्थना कानावरच्या होत्या, पण त्यांचा अर्थ अनेकांना उमगत नसे. मुंबईत १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, ती याच गरजेपोटी. ओवी, साकी, दिंडी तर या लोकांच्या कानात आधीच होत्या.

खरा प्रश्न धर्माचा होता. वारकरी वा नारदीय कीर्तनात देवाचे रूप डोळ्यांपुढे उभे केले जाते. ज्यू श्रद्धेला देवाची प्रतिमा वर्ज्य, मग ती शब्दांतली असली तरी जपूनच. म्हणून या आख्यानांचे नायक माणसे आहेत : अब्राहाम, योसेफ, मोशे. देव दिसत नाही, त्याची आज्ञा ऐकू येते. रूपवर्णनाची जागा आज्ञापालनाने घेतली, हीच या रचनांची मोठी कमाई.

अब्राहाम-इसहाकाचे आख्यान घ्यावे. मराठी श्रोत्याला लगेच श्रियाळ-चांगुणेचा चिलया आठवतो. पण तिथे आई मुलाचे मस्तक उखळात कांडते, आणि देव त्याला पुन्हा उठवतो. इथे मुलाच्या बळीसाठी अब्राहामाने उगारलेला हात वरच्यावर थांबवला जातो आणि मेंढ्याचा बळी दिला जातो. करुण रस चिलयाइतका ताणला, तर देव बळी मागतो एवढेच श्रोत्याच्या मनात उरेल. तो तोल पदात सापडत नाही, निरूपणात सांभाळावा लागतो.

आज ही आख्यानपदे सादर करताना अडचण नेमकी इथेच येते. अशा पदांवर बहुधा त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय गाण्याची ‘चाल’ फक्त नावाने दिलेली असते. ते गाणे विसरले की चालही गेली. ती नव्याने बांधता येते. निरूपण मात्र कीर्तनकाराच्या तोंडीच असायचे, आणि १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेल्यावर ती परंपरा विरळ झाली. नुसती पदे मैफलीत गायली तर ऐकायला गोड लागतील, पण ते कीर्तन होणार नाही. त्यासाठी तोरा आणि मराठी दोन्ही जाणणारा, उभे राहून कथा सांगू शकणारा माणूस हवा. शिवाय पेटी-तबल्यामुळे शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, वगळूनच दिवस ठरवावा लागतो, कारण परंपरेने त्या दिवशी वाद्ये वर्ज्य आहेत.