नातवंडांच्या नांवें दिलेलें वचन

दिलेला शब्द पाळावा, हा नीतीचा पहिला धडा आपण घरींच शिकतों. परंतु शब्द आजानें द्यावा आणि त्याचें फळ नातवानें भोगावें, असा प्रसंग आला म्हणजे तो शब्द कोठवर पाळावा, हा प्रश्न तितका सोपा राहत नाहीं. कॅनडाच्या पूर्व टोकास असलेल्या न्यूफाउंडलंड व लॅब्रडॉर या प्रांतांत 14 ऑक्टोबर 2025 रोजीं जी निवडणूक झाली, तिनें हाच प्रश्न एका साऱ्या जनतेपुढें उभा केला.

हकीकत अशी. लॅब्रडॉरमधील चर्चिल नदीच्या धबधब्यावर वीज निर्माण करण्याच्या योजनेसाठीं 12 मे 1969 रोजीं एक करार झाला. धबधब्याची कंपनी हा एक पक्ष व शेजारच्या क्वेबेक प्रांताची सरकारी वीजसंस्था हायड्रो-क्वेबेक हा दुसरा. 5,428 मेगावॉट शक्तीच्या त्या केंद्रांतील बहुतेक सर्व वीज क्वेबेकनें घ्यावी व दर किलोवॉट-तासास सुमारें पाव सेंट द्यावा, असें ठरलें. पुढें तेलाचे भाव भडकले आणि विजेचें मोल अनेक पटींनीं वाढलें. कराराचा दर मात्र उलट उतरला. कारण 2016 सालीं कराराचें आपोआप नूतनीकरण झालें, दर एक-पंचमांश सेंट झाला आणि मुदत 2041 पर्यंत लांबली. प्रांतानें 1980 सालीं पाण्याचे हक्क परत घेण्याचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयानें तो 1984 सालीं रद्द ठरविला. कराराची फेरघडण करण्यास क्वेबेकला भाग पाडावें, ही मागणीही त्याच न्यायालयानें 2018 सालीं फेटाळली.

न्यायालयाचें म्हणणें निराधार होतें असें आम्हांस वाटत नाहीं. वीज लागो वा न लागो, ती विकत घेण्याचा भार क्वेबेकनें उचलला म्हणूनच त्या योजनेस कर्ज मिळालें. संकटाची जोखीम एकानें घ्यावी आणि लाभ दिसूं लागतांच दुसऱ्यानें वाटा मागावा, यास न्याय म्हणतां येत नाहीं. तथापि कायदा संतुष्ट झाला म्हणून अंतःकरण संतुष्ट होतेंच असें नाहीं.

अखेर 12 डिसेंबर 2024 रोजीं दोन्ही प्रांतांच्या मुख्य प्रधानांनीं एका सामंजस्याच्या मसुद्यावर सह्या केल्या. जुना करार जाऊन नवा यावा, सरासरी दर 5.9 सेंटांच्या घरांत जावा, गल आयलंड येथें नवें केंद्र उभारावें आणि हें सर्व 2075 पर्यंत चालावें, असा त्याचा आशय. त्या समारंभांत न्यूफाउंडलंडचे मुख्य प्रधान अँड्र्यू फ्यूरी यांनीं जुन्या कराराची प्रत सर्वांसमक्ष फाडली. कागद फाटला, बंधन मात्र फाटलें नाहीं. अंतिम करार अजून व्हावयाचे होते. पुढें फ्यूरी पायउतार झाले, आणि 2015 पासून सत्तेवर असलेला त्यांचा लिबरल पक्ष निवडणुकींत अनपेक्षितपणें हरला. या मसुद्याचें स्वतंत्र परीक्षण करूं व अंतिम करार जनतेच्या कौलास लावूं, असें आश्वासन देणारे टोनी वेकहॅम यांच्या पक्षास 40 पैकीं 21 जागा मिळाल्या.

हा वचनभंग होय काय? आमच्या मतें नव्हे. आपल्याकडील भाषेंत सांगावयाचें तर बोलणीं झालीं होतीं, याद्या व्हावयाच्या होत्या. याद्या होण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं पुन्हा एकवार विचार केला, तर त्यांस कोणी लबाड म्हणत नाहीं. परंतु थांबण्याची किंमतही असते. नवा करार न झाला तर 2041 पर्यंत जुनाच दर चालणार; म्हणजे सही न करणें हाही पुढच्यांच्या वतीनें घेतलेला एक निर्णयच आहे.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. जो प्रांत क्वेबेककडे न्याय मागतो, तो स्वतः ऋणमुक्त आहे काय? धरणाच्या जलाशयाखालीं इन्नू या मूळ रहिवाशांचीं शिकारीचीं रानें व पूर्वजांच्या दफनभूमि गेल्या, आणि 1969 सालीं त्यांना कोणीं विचारलेंही नव्हतें. प्रांताकडून कांहीं भरपाईचें ठरावयास 2011 साल उजाडलें. आपल्यावरील अन्याय ज्यास स्पष्ट दिसतो, त्यास आपल्या हातून झालेला अन्याय दिसत नाहीं, हा मनुष्यस्वभावच आहे. पण त्यामुळें तो क्षम्य ठरत नाहीं.

बृहस्पतीनें ऋणाविषयीं एक मार्मिक निर्णय दिला आहे. पित्याचें ऋण पुत्रानें सव्याज फेडावें, आजाचें नातवानें मुद्दलापुरतें फेडावें, आणि पणतूवर तें बंधन नाहीं. पिढी बदलते तसतसें बंधन सैल होत जावें, ही यांतील सूक्ष्म दृष्टि. चर्चिल नदीच्या करारांत नेमकें याच्या उलट झालें; काळ लोटला तसा पाश आवळत गेला. आणि आतां 2075 पर्यंतच्या करारावर जे सही करतील किंवा मत देतील, त्यांतील कित्येक तो संपतांना हयातही नसतील. म्हणून जनतेचा कौल हें या प्रश्नाचें संपूर्ण उत्तर नव्हे. त्यानें निर्णय उघड्यावर होईल इतकेंच. ज्यांना तो भोगावयाचा त्यांचें मत पेटींत पडावयाचें नाहीं.

देवव्रताची कथा आपल्या घरोघरीं माहीत आहे. राज्यावरील हक्क मी सोडतों, हें त्याचें वचन दाशराजास पटलें. तुझे पुत्र तें मानतील काय, एवढीच त्याची शंका होती. त्यावर देवव्रतानें न जन्मलेल्या पुत्रांच्या वतीनें शपथ घेतली नाहीं. तसें करण्याचा आपणांस अधिकार नाहीं, हें तो जाणत होता. म्हणून त्यानें ब्रह्मचर्यच पत्करलें. राष्ट्रांना व प्रांतांना तो मार्ग मोकळा नाहीं. त्यांना पुत्रपौत्र होणारच. तेव्हां त्यांच्यापाशीं एकच प्रामाणिक मार्ग उरतो: करार करावा, पण ठराविक वर्षांनीं दोन्ही पक्षांनीं पुन्हा समोरासमोर बसून तो तपासावा, अशी अट त्यांतच घालावी. अशा वचनानें शब्दाची प्रतिष्ठा कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं. नातवंडांना तो शब्द मनापासून पाळतां येईल, इतकी जागा मात्र त्यांत राहते.