चंद्राचा उजेड कोणाचा?

लहान मुलांना प्रकाश शिकवताना आपण वस्तूंचे दोन गट करतो. सूर्य, तारे, समई, काजवा स्वतः उजेड देतात. चंद्र, भिंत, पाटी, समोरच्याचा चेहरा दुसऱ्याच्या उजेडात दिसतात. विज्ञान म्हणून हे बिनचूक आहे आणि आपल्याकडे जुनेही आहे: इ.स. 499 च्या सुमारास आर्यभटाने चंद्र सूर्यामुळे उजळतो हे गृहीत धरूनच ग्रहणांची कारणे सांगितली. पण या वर्गवारीच्या मागोमाग एक प्रतवारीही मनात शिरते. ज्याचा उजेड स्वतःचा तो थोरला, ज्याच्यावर तो पडतो तो धाकटा. धर्मविचारातही हीच उतरंड लावली जाते: आत्मा स्वयंप्रकाश, जग जड, म्हणून जग टाकाऊ. ही प्रतवारी मला चुकीची वाटते, आणि तिच्याविरुद्धची पहिली साक्ष प्रकाशाचीच आहे.

वाटेतला प्रकाश दिसत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यामधले अवकाश सूर्यकिरणांनी भरलेले असते, तरी ते काळेकुट्ट दिसते. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे भर दिवसाही आकाश काळेच. आपले आकाश निळे दिसते ते हवेचे कण किरण विखुरतात म्हणून. बाजूने जाणारा प्रकाश कशावर तरी आदळून आपल्या डोळ्यांकडे वळला तरच तो आहे हे कळते. चंद्राची जमीन तर फार उजळही नाही. झिजलेल्या डांबरी रस्त्यासारखी ती काळपट आहे आणि पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 12 टक्केच परत पाठवते. तेवढ्यावर आपली पौर्णिमा होते. त्यातही खरी गंमत तिच्या खडबडीतपणाची आहे. गॅलिलिओने 1632 च्या आपल्या संवादग्रंथात दाखवून दिले की चंद्र आरशासारखा गुळगुळीत गोल असता, तर त्यात सूर्याचा एक इवलासा ठिपका चमकला असता आणि बाकीचे बिंब जवळपास दिसलेच नसते. आरसा प्रत्येक किरण एकाच ठरावीक दिशेला धाडतो, भिंत मात्र सगळीकडे. चंद्र भिंतीच्या जातीचा आहे, म्हणून तो सगळ्यांना दिसतो.

वेदान्तातल्या प्रतिबिंबवादाला आरसा आणि स्वच्छ पाणी प्रिय आहे. चित्त घासूनपुसून लख्ख केले की त्यात चैतन्य नीट उमटते, अशी ती मांडणी. स्वतःचा चेहरा पाहायचा तर आरसाच हवा, हे मी नाकारत नाही. भिंतीत कोणाला आपले रूप दिसत नाही. पण ते चैतन्य दुसऱ्यापर्यंत कसे पोचते, या प्रश्नाला आरसा अपुरा पडतो. तिथे माणसांचे वेगवेगळे स्वभाव, व्यवसाय, भाषा, म्हणजे जगाचा सगळा खडबडीतपणा कामी येतो. ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'त अज्ञानाचे खंडन करून जगाकडे चैतन्याचेच स्फुरण म्हणून पाहिले. जग हा प्रकाशावरचा पडदा नव्हे, तो प्रकट होण्याची जागा आहे, असे मला त्या भूमिकेतून दिसते.

यावर आक्षेप येईल की भौतिक प्रकाशावरून चैतन्याबद्दल काही सिद्ध होत नाही. खरे आहे. दृष्टान्त हा पुरावा नसतो. पण जगाला कमी लेखणारेही सूर्य-चंद्राचाच दृष्टान्त देतात. तो द्यायचा तर पूर्ण द्यावा, एवढेच माझे म्हणणे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोणी पाहिले नाही म्हणून सूर्य विझत नाही, चंद्र मात्र सूर्याविना काळोखात जातो, मग दोघे समान कसे? ते समान नाहीतच. अस्तित्वासाठी चंद्राच्या उजेडाला सूर्य लागतो, आणि हा क्रम उलटत नाही. पण असणे वेगळे आणि कोणाच्या उपयोगी पडणे वेगळे. बृहदारण्यक उपनिषदात जनक याज्ञवल्क्यांना विचारतो, की माणसाचा प्रकाश कोणता. उत्तरे येतात ती सूर्य, चंद्र, अग्नी, वाणी आणि शेवटी आत्मा या क्रमाने. शेवटचे पद आत्म्याचे, यात शंका नाही. तरीही सूर्य मावळल्यावर माणूस चंद्राच्या उजेडात बसतो, जातो, काम करतो आणि परततो, असे याज्ञवल्क्य सरळ सांगतात, आणि तो उजेड मुळात कोणाचा याची चौकशी जनक करत नाही.

म्हणून मुलांना 'चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही' एवढेच सांगून थांबू नका. खोलीत अंधार करा, टॉर्च आधी आरशावर आणि मग पांढऱ्या भिंतीवर मारा, आणि खोलीतल्या प्रत्येक कोपऱ्यातून दोन्हींपैकी काय उजळ दिसते ते त्यांनाच सांगू द्या.